रानात मुक्काम करणारा माणूस : जॉन म्यूर

चरित्रे वाचायची मला आवड आहे. पण पुष्कळ चरित्रांत नायक पाळण्यात असल्यापासूनच थोर असतो आणि आपल्यासारख्यांनी नुसते हात जोडावेत एवढेच उरते. जॉन म्यूरचे तसे नाही. वयाच्या तिशीपर्यंत तो शेतावर राबणारा मुलगा, पदवी न घेता कॉलेज सोडलेला विद्यार्थी, कारखान्यातला कामगार आणि पायी भटकणारा एक फाटका माणूस होता. आज अमेरिकेत त्याला राष्ट्रीय उद्यानांचा जनक म्हणतात. वास्तविक जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान यलोस्टोन हे १८७२ साली झाले आणि त्यात म्यूरचा काही हात नव्हता. मग हा मान त्याला का मिळाला? त्याचे आयुष्य वाचत गेले तसे मला उत्तर मिळाले. रान पाहून परत जाणारे पुष्कळ होते, म्यूर तिथे मुक्कामाला राहिला. आणि पुढे ज्यांच्या हाती लेखणी आणि सत्ता होती त्यांनाही त्याने आपल्याशेजारी रानात निजायला नेले.

जॉनचा जन्म २१ एप्रिल १८३८ रोजी स्कॉटलंडमधील डनबार या समुद्रकाठच्या गावी झाला. आठ भावंडांत तो तिसरा. १८४९ साली, जॉन अकरा वर्षांचा असताना, वडील डॅनियल म्यूर कुटुंब घेऊन अमेरिकेत गेले आणि विस्कॉन्सिन प्रांतात रान तोडून त्यांनी शेती सुरू केली. वडील अत्यंत धर्मनिष्ठ आणि तितकेच कठोर. बायबलखेरीज दुसऱ्या पुस्तकाची माणसाला गरज नाही, असे त्यांचे मत. नवा करार संपूर्ण आणि जुन्याचा बराचसा भाग जॉनला लहानपणीच पाठ झाला होता, तो बराचसा छडीच्या धाकाने.

या घरातली एक हकीकत वाचताना माझ्या अंगावर काटा आला. दुसऱ्या शेतावर पाणी नव्हते, म्हणून वडिलांनी कातळात विहीर खणायला घेतली. सुरुंगाने काम नीट होईना, तेव्हा छिन्नी आणि हातोडा देऊन जॉनला एकट्याला खाली उतरवले. जेमतेम तीन फूट रुंदीच्या त्या भोकात तो पोरगा महिनोन् महिने सकाळपासून संध्याकाळपर्यंत दगड फोडत बसे. ऐंशी फुटांवर पोचल्यावर एका सकाळी तळाशी साचलेल्या विषारी वायूने तो गुदमरला. वरून वडिलांनी हाका मारल्या, कसाबसा तो बादलीत चढला आणि त्यांनी त्याला ओढून काढले. आमच्या भागात विहिरीत उतरण्याआधी पेटता कंदील दोरीने खाली सोडतात. तो विझला तर माणूस उतरत नाही. तिथे मात्र ही खबरदारी कोणी घेतली नव्हती. एका शेजाऱ्याने मग हवा हलवण्याची युक्ती शिकवली, आणि दोन दिवसांत जॉन पुन्हा त्याच विहिरीत उतरला. नव्वद फुटांवर पाणी लागले. ज्या माणसाने पुढे सारे आयुष्य उघड्या आभाळाखाली काढायचे ठरवले, त्याची उमेदीची वर्षे अशी जमिनीच्या पोटात गेली होती हे ध्यानात ठेवले पाहिजे.

वाचायला वेळ मागितला तर वडील रात्री जागू देत नसत. सकाळी हवे तितक्या लवकर ऊठ, एवढी सवलत त्यांनी दिली. जॉन रात्री एक वाजता उठू लागला! शेजाऱ्यांकडून मागून आणलेली पुस्तके वाचायची आणि तळघरात लाकडाची घड्याळे व यंत्रे करायची, हा त्याचा उद्योग. त्यातले एक यंत्र ठरलेल्या वेळी पलंगच कलता करून झोपलेल्याला उठवत असे. ही यंत्रे घेऊन तो १८६० साली मॅडिसन शहरातल्या प्रदर्शनाला गेला आणि त्यांच्याच बळावर विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या दारापर्यंत पोचला. भाकरी-बटाट्यांवर दिवस काढून, सुट्टीत शेतमजुरी आणि एका हिवाळ्यात मास्तरकी करून त्याने अडीच वर्षे शिक्षण घेतले. रसायन, भूगर्भशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र हे त्याचे आवडीचे विषय. एका सोबत्याने त्याला अंगणातल्या मोठ्या झाडाचे फूल दाखवून ते वाटाण्याच्या कुळातले कसे, हे समजावून दिले, आणि तेव्हापासून वनस्पतींचे वेड त्याला लागले ते कायमचे. १८६३ साली त्याने विद्यापीठ सोडले. पदवी घेतली नाही.

यंत्रांतले कसब असल्याने इंडियानापोलिस येथील गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात त्याला चांगली नोकरी मिळाली. कदाचित तो तिथेच मोठा कारखानदार झाला असता. पण मार्च १८६७ मध्ये काम करताना हातातली कानस निसटली आणि तिचे टोक उजव्या डोळ्यात घुसले. काही तासांतच दुसऱ्याही डोळ्याची दृष्टी गेली. कित्येक आठवडे तो अंधाऱ्या खोलीत पडून होता. सुदैवाने दृष्टी परत आली. पण त्या अंधारात त्याने मनाशी ठरवले की, यापुढे डोळे यंत्रांसाठी खर्च करायचे नाहीत.

सप्टेंबर १८६७ मध्ये तो केंटकीपासून पायी निघाला आणि सुमारे हजार मैल चालून फ्लॉरिडाच्या किनाऱ्याला पोचला. बरोबर काय होते? एक लहानशी पिशवी, तीत फणी, टॉवेल, साबण, बदलायचे आतले कपडे आणि तीन पुस्तके, शिवाय फुले-पाने दाबून ठेवायची चौकट. जॉर्जियातील सॅव्हाना शहरात भावाने पाठवलेले पैसे येईपर्यंत खिसा रिकामा होता, म्हणून त्याने काही रात्री चक्क एका जुन्या कबरस्तानात झाडांखाली काढल्या. चोराचिलटांची भीती तिथे कमी, असा त्याचा साधा हिशेब. फ्लॉरिडात हिवतापाने त्याला महिनोन् महिने झोपवले. दक्षिण अमेरिकेचा बेत सोडून तो मार्च १८६८ मध्ये बोटीने सॅन फ्रान्सिस्कोला उतरला आणि शहरात न थांबता डोंगरांकडे चालू लागला. असा तो योसेमिटीला आला.

योसेमिटी ही कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतातली एक खोल दरी. दोन्ही बाजूंना सरळसोट ग्रॅनाइटचे कडे. त्यातला एल कॅपितान तर तळापासून तीन हजार फूट उभा आहे. योसेमिटीचा धबधबा तीन टप्प्यांत मिळून २,४२५ फूट कोसळतो. १८६९ च्या उन्हाळ्यात म्यूरला दोन हजारांवर मेंढ्यांच्या कळपाबरोबर वरच्या कुरणांत जाण्याचे काम मिळाले. त्या उन्हाळ्याने त्याला दोन गोष्टी दिल्या. एक म्हणजे पर्वताचा ध्यास. दुसरी म्हणजे एक काटा : ज्या मेंढ्यांच्या मागे राहून तो पोट भरत होता, त्याच मेंढ्या टोळधाडीसारख्या फुलांची कुरणे सफाचट करीत होत्या, हे त्याने रोज पाहिले.

पुढची काही वर्षे तो दरीतच राहिला. एका हॉटेलवाल्यासाठी त्याने लाकूड कापायची गिरणी उभारली, पण कापायची ती वाऱ्याने पडलेली झाडेच. काम संपले की पाव आणि चहा बांधून घ्यायचा आणि डोंगरात जायचे. तंबू नाही, कित्येकदा पांघरूणही नाही. शेकोटी पेटवून तिच्याकडे पाठ करून निजायचे. या भटकंतीतून त्याने एक शोध लावला. ही दरी जमीन खचून झाली, असे कॅलिफोर्नियाचे सरकारी भूगर्भशास्त्रज्ञ जोसाया व्हिटनी सांगत असत. म्यूरने खडकांवरचे ओरखडे आणि गुळगुळीत झालेले पृष्ठभाग हाताने चाचपून पाहिले आणि दरी हिमनद्यांनी कोरली आहे, असे मांडले. व्हिटनीने त्याला अडाणी मेंढपाळ म्हणून हिणवले. पण म्यूरला १८७१ साली त्याच डोंगरांत एक जिवंत हिमनदीच सापडली. हिमनद्यांचा विस्तार त्याने वाढवून सांगितला आणि नद्यांचा वाटा कमी धरला, हे पुढच्या अभ्यासात दिसून आले. परंतु मुख्य मुद्द्यात पदवीधर चुकला होता आणि मेंढपाळ बरोबर होता. ज्यांच्या घरात आधी कोणी कॉलेजची पायरी चढले नाही, अशा माझ्यासारखीला ही गोष्ट वाचून आनंद झाला, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

आता त्याच्या आयुष्यातल्या तीन मुक्कामांविषयी सांगते.

पहिला मुक्काम झालाच नाही. मे १८७१ मध्ये तत्त्वज्ञ इमर्सन योसेमिटीला आले. म्यूर तेहतीस वर्षांचा, इमर्सन अडुसष्टीचे. या तरुणाच्या गिरणीतल्या खोलीत येऊन त्यांनी त्याने जमवलेल्या वनस्पती पाहिल्या. मॅरिपोसाच्या राईत प्रचंड सिक्वोया वृक्षांखाली एक रात्र माझ्याबरोबर राहा, अशी म्यूरने त्यांना गळ घातली. इमर्सन राजी होते. पण बरोबरच्या मंडळींना म्हाताऱ्याला थंडी बाधेल याची धास्ती. ते इमर्सनना घेऊन मुक्कामाच्या घरी गेले. म्यूर एकटाच राईत मागे राहिला, शेकोटी पेटवली आणि निजला.

दुसरा मुक्काम १८८९ सालचा. मधल्या काळात म्यूरने अलास्कातल्या हिमनद्या पाहिल्या होत्या आणि १८८० साली लुई स्ट्रेंट्झेल हिच्याशी लग्न केले होते. मार्टिनेझ गावी सासऱ्यांच्या फळबागेत द्राक्षे आणि पेअर पिकवून त्याने चांगला पैसा केला. पण प्रकृती खालावली, लिहिणे थांबले. या ठिकाणी मला लुईविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. १८८४ साली ती एकदा नवऱ्याबरोबर योसेमिटीला गेली होती; पण डोंगर चढणे तिला मानवले नाही. तरीही १८८८ साली तिनेच पत्र लिहून त्याला कळवले की, शेतापायी त्याची प्रकृती आणि लेखन बुडत असेल तर शेत विकलेले बरे. घर आणि दोन मुली, वांडा आणि हेलन, तिने सांभाळल्या म्हणून म्यूरला पुन्हा मोकळे होता आले. रानात राहणाऱ्याचे चरित्र सगळे लिहितात; त्याच्या मागे घर चालवणारीचे क्वचित लिहिले जाते.

तर १८८९ च्या जूनमध्ये ‘सेंच्युरी’ मासिकाचा संपादक रॉबर्ट अंडरवुड जॉन्सन याला म्यूर टुओलमीच्या वरच्या कुरणांत घेऊन गेला. मेंढ्यांनी उजाड केलेली जमीन त्याने जॉन्सनला दाखवली. रात्री शेकोटीपाशी दोघांचे ठरले : म्यूरने लेख लिहायचे, जॉन्सनने ते छापून वॉशिंग्टनला खटपट करायची. १८९० च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये लेख आले आणि १ ऑक्टोबर १८९० रोजी योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाचा कायदा झाला. दोन वर्षांनी, १८९२ साली, सिएरा क्लब स्थापन झाला. म्यूर मरेपर्यंत त्याचा अध्यक्ष होता. या क्लबच्या सामुदायिक सहली १९०१ पासून सुरू झाल्या. शेकडो मैलांवरून आलेली माणसे पंधरा-पंधरा दिवस डोंगरात राहत, आणि त्यांत स्त्रियाही मोठ्या संख्येने असत. त्या काळच्या लांब झग्यांना फाटा देऊन त्या शिखरे चढत. हे वाचून मी पुस्तक क्षणभर मिटून ठेवले. आमच्याकडे आजही मुलीने डोंगरात रात्र काढायची म्हटले की घरी आधी रामायण होते.

तिसरा मुक्काम सर्वांत प्रसिद्ध. दरी आणि मॅरिपोसाची राई १८६४ पासून कॅलिफोर्निया राज्याकडे होती आणि तिथला कारभार ढिसाळ होता. मे १९०३ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट आले. त्यांच्या इच्छेवरून म्यूरने आपला जगप्रवास पुढे ढकलला आणि बरोबर जाण्याचे कबूल केले. सरकारी लवाजमा, मेजवान्या आणि वार्ताहर सगळे मागे ठेवून राष्ट्राध्यक्ष तीन रात्री रानात राहिले. पहिली रात्र सुमारे तीन हजार वर्षे वयाच्या महावृक्षाखाली. दुसऱ्या रात्री ग्लेशियर पॉइंटच्या बाजूला बर्फ पडले आणि सकाळी पांघरुणांवर पाचएक इंच थर होता. रूझवेल्ट चिडण्याऐवजी लहान मुलासारखे खूश झाले. तिसरी रात्र दरीतल्या कुरणात. शिकारीचा नाद केव्हा सोडणार, असे म्यूरने त्या सत्ताधीशाला तोंडावर विचारले म्हणतात. १९०६ साली दरी आणि राई राष्ट्रीय उद्यानात आली. रूझवेल्ट यांच्या कारकिर्दीत पाच राष्ट्रीय उद्याने आणि अठरा राष्ट्रीय स्मारके झाली. हे सारे तीन रात्रींमुळे घडले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. रूझवेल्ट मुळातच रानाचे वेडे होते. पण त्या तीन रात्रींना काही मोल नव्हते, असेही कोणी म्हणत नाही.

त्यानंतर म्यूर जगप्रवासाला निघाला. त्या फेरीत तो भारतातही आला आणि हिमालय व देवदारांची वने त्याने पाहिली.

यापुढची हकीकत दुःखाची आहे. १९०५ साली लुई वारली. १९०६ च्या एप्रिलमध्ये भूकंप आणि आगीने सॅन फ्रान्सिस्को उद्ध्वस्त झाले, आणि शहराने पाण्यासाठी हेच हेची या दरीत धरण मागितले. ही दरी योसेमिटीची धाकटी बहीण शोभावी अशी आणि राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतली. म्यूर वृद्धापकाळी लढायला उभा राहिला. पाण्याला त्याचा विरोध नव्हता. पाणी दुसरीकडूनही आणता येईल, असे त्याचे म्हणणे होते. धरणाचे पाणी आमच्याही शेतात येते, म्हणून मी त्या शहराला सरसकट दोष देणार नाही. पण धरणवाल्यांचा एक मुद्दा मला बोचला. त्या दरीत जाते तरी कोण, असे ते विचारत. आणि ते खोटे नव्हते. योसेमिटीला हजारो लोक जात, हेच हेचीत फार थोड्यांनी रात्र काढली होती. तिच्या बाजूने पत्रे पुष्कळ गेली. पण तिथे राहून आलेली माणसे मोजकीच होती. १९ डिसेंबर १९१३ रोजी राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी कायद्यावर सही केली. एका वर्षाने, २४ डिसेंबर १९१४ रोजी, म्यूर लॉस एंजेलिस येथे न्यूमोनियाने वारला. अलास्कावरच्या पुस्तकाचे काम अखेरपर्यंत चालू होते. १९२३ साली धरण पुरे झाले. ती दरी आजही पाण्याखाली आहे. मात्र या पराभवाने देश जागा झाला आणि १९१६ साली राष्ट्रीय उद्यानांसाठी स्वतंत्र खाते निघाले.

येथे लेख संपवता आला असता. पण ते प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. योसेमिटीत म्यूरच्या आधी शेकडो वर्षे अवाहनीची लोक राहत होते. १८५१ साली सशस्त्र टोळीने दरीत घुसून त्यांची वस्ती आणि ओकच्या फळांचे साठे जाळले, त्यांना हुसकून लावले. म्यूरला जे रान माणसाचा हात न लागलेले वाटले, ते प्रत्यक्षात त्यांनी गवत जाळून, झाडे राखून सांभाळलेले होते. म्यूरने मेंढ्यांच्या उन्हाळ्यात भेटलेल्या या लोकांविषयी तुच्छतेने लिहिले. पुढे अलास्कात ट्लिंगिट लोकांबरोबर प्रवास केल्यावर त्याचे मत बरेच बदलले. पण लिहिलेले राहिले. २०२० साली खुद्द सिएरा क्लबने आपल्या संस्थापकाचा हा दोष जाहीरपणे मान्य केला. उद्यान झाल्यावरही काही कुटुंबे दरीत राहत होती. त्यांची शेवटची वस्ती १९६९ साली मोडली गेली. मुक्काम करणाऱ्याचा शब्द जागेला वाचवतो, हे म्यूरने सिद्ध केले. परंतु ज्यांचा मुक्काम पिढ्यान् पिढ्यांचा होता, त्यांचा शब्द कोणी विचारला नाही.

म्हणून म्यूर थोर नव्हता असे मी म्हणणार नाही. विहिरीतून बाहेर आलेल्या माणसाने जगाला आभाळ दाखवले, हे काही थोडे नाही. मार्टिनेझचे त्याचे घर १९६४ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जपले आहे, आणि योसेमिटीला वर्षाकाठी चाळीस लाखांच्या आसपास लोक जातात. त्यातले बहुतेक आपल्या कॉलेजच्या सहलीसारखेच : दुपारी उतरायचे, कड्यापुढे उभे राहून फोटो काढायचे, डबे खायचे आणि दिवेलागणीच्या आत गाडीत बसायचे. पुढच्या वर्षी सहलीची आखणी करताना आपण निदान एक रात्र तरी मुक्कामाची ठेवावी, आणि तीत आम्हा मुलींनाही न्यावे, अशी माझी सूचना आहे. गेल्यावर आधी त्या डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसांपाशी बसावे, त्यांच्याकडून झाडांची नावे विचारून घ्यावीत आणि मग शेकोटी पेटवावी.